चार फुटांवरचे खिळे

आतूने आडव्या पडलेल्या फणसाच्या खोडाला कान लावला आणि बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केलं, डॉक्टर पोट तपासतात तसं. मग उठून हात झटकले आणि माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला म्हणाला, "वयनी, आतून घट्ट आसा. ह्येचा टेबल तुमच्या नातवंडांच्या नातवंडांका पुरतला."

"आधी मला तर पुरू दे," शालन म्हणाली. "तीस वर्षं वाट बघतेय."

दोघं हसली. मी पडवीच्या पायरीवर मांडीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. मीही हसलो, पण तोवर त्यांचं हसून झालं होतं.

याला अठरा वर्षं झाली. मी तेव्हा साठीचा होतो. तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून उभा जन्म काढून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो होतो, आणि कुडाळपासून सात किलोमीटरवरच्या आमच्या घरी दिवसभर काय करायचं ते अजून ठरत नव्हतं. घराच्या मागे तो फणस होता. दोन वर्षं तो छपराकडे कलत चालला होता, म्हणून शेवटी काढावा लागला. परवानगीचा अर्ज मी लिहिला. चार पानी झाला होता. आतू तो वाचून म्हणाला होता, "अरे, झाड काढूचा आसा, झाडाचा चरित्र नको."

आत्माराम राऊळ हा माझा पहिलीपासूनचा सोबती. आम्ही सगळे त्याला आतू म्हणायचो. मी पुढच्या बाकावर आणि तो बाकाखाली, असं आमचं शिक्षण झालं. तो सोळाव्या वर्षी मुंबईला गेला, गोदीत सुतार झाला, बोटींची लाकूडकामं केली आणि बायको गेल्यावर परत आला. येताना टेम्पोभर हत्यारं घेऊन आला. त्यात पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत होती. गावात सगळे तिला नुसतं कटर म्हणायचे. तिच्या लांब पात्याला आतूने स्वतः वेल्डिंग करून एक लोखंडी चौकट बसवली होती. ती चौकट ओंडक्यावरून सरकवत नेली की एकसारख्या जाडीची अख्खी फळी निघायची. गिरणीवर ओंडका न्यायला नको, ट्रक नको, माणसं नकोत. झाड पडलं तिथेच त्याच्या फळ्या.

संध्याकाळी तो भजनात पखवाज वाजवायचा. त्याचा डावा हात पडला की देवळातल्या समया हलतात असं लोक म्हणायचे. मी भजनात मागे बसायचो. मला टाळही जमत नाही.

खरं तर त्याला आमच्याकडे बोलावलं मीच. शालनने नव्हे. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर मला कधी कधी उलटंच आठवायला लागलं होतं.

टेबलाची गोष्ट त्याहून जुनी. आमच्या लग्नाला चार महिने झाले होते. हा फणस तेव्हा चांगला वाढलेला, पण फळ धरत नव्हता. आमच्याकडे अशा झाडाला धमकी द्यायची पद्धत आहे. एकाने कोयता घेऊन झाडावर धावून जायचं, दुसऱ्याने मध्ये पडून झाडाची बाजू घ्यायची, आणि मग झाडाला ध्यानात राहावं म्हणून खोडात खिळे मारायचे. आईने कोयता माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "तोडतो तुला."

"झाडाक सोड, माकासुद्धा ऐकाक येवक नाय," आई म्हणाली.

मी पुन्हा म्हणालो. माझा आवाज तेव्हाही असाच होता. मग शालन पुढे झाली. ती साताऱ्याकडची, वीस वर्षांची, तिला हे सगळं नवीन. तिने खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि हसू दाबत म्हणाली, "नका हो तोडू! पुढल्या वर्षी धरेल. मी सांगते ना, धरेल!" मग मी माझ्या छातीएवढ्या उंचीवर तीन लांब खिळे एकाखाली एक ठोकले. पहिला वाकडा गेला.

पुढच्या वर्षी अकरा फणस लागले. शालनने ते मोजून सगळ्या आळीत सांगितलं. त्या दिवसांत कधीतरी मी तिला म्हणालो होतो, की हे झाड म्हातारं झालं ना, की याचं मोठं टेबल मी तुला माझ्या हाताने करून देईन. एका टोकाला मी वाचेन आणि दुसऱ्या टोकाला तू भाजी निवड.

तेव्हापासून मी टेबलं काढत होतो. कागदावर. वाचनालयात सुतारकामावर जे जे आलं ते मी वाचलं. सांधे किती प्रकारचे, ओलं लाकूड कसं वाळवायचं, कडा का फाटतात, सगळं मला माहीत होतं. दोन वह्या भरल्या होत्या. रंधा मात्र मी कधी हातात धरला नव्हता. शालन त्या वह्यांना 'आमचं कागदी टेबल' म्हणायची, आणि तीस वर्षांत ती ते कधी टोचून म्हणाली नव्हती.

तर त्या दिवशी सकाळी आतूने फांद्या छाटल्या आणि खोड मोकळं केलं. शालन त्याच्यामागे होती. टेपचं टोक धर म्हटलं की धरत होती, खडू दे म्हटलं की देत होती. फणसाचा चीक हाताला लागतो म्हणून त्याच्या तळव्यांवर तिने खोबरेल ओतलं. चहा आणला तो त्याचा बिनसाखरेचा, न विचारता. माझ्या चहात साखर कमी होती. किंवा मला तसं वाटलं असेल.

"वयनी, तुमी सुतारीण झालास," आतू म्हणाला.

"झालंय खरी," शालन म्हणाली. "पगार कितको देतलंस?"

मी पुस्तकातून मान वर केली. तीस वर्षांत ती माझ्याशी मालवणीत एक वाक्य बोलली नव्हती. मी घरातही पुस्तकासारखंच बोलतो, असं सगळे म्हणतात, त्यामुळे तिला तशी संधी मिळाली नसेल. पण तिला ते येत होतं, आणि इतकं छान येत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"भालू, तू खंय चललंस?" मी उठलो तसा आतू ओरडला. "ये, ह्या टोकाक धर."

मी टोक धरलं. ओंडका एक इंचही हलला नाही. शालन आली, तिने माझ्या शेजारी हात लावला, आतूने पलीकडून पहार घातली आणि ओंडका सरकला. माझ्यामुळे सरकला की नाही, मला सांगता येणार नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर आतू पडवीत आडवा झाला होता. शालन आतून आली ती माझ्या वह्या घेऊन.

"हे बघ, आतू. यांनी सगळं काढून ठेवलंय. यातलं एखादं होईल का करून?"

मी तिला डोळ्यांनी नको म्हणालो. तिने पाहिलं नाही. मला वाटतं तिला खरंच अभिमान होता. आज मला तसं वाटतं. तेव्हा मला फक्त आतूची तेलकट बोटं माझ्या पानांवर फिरताना दिसत होती. त्याने एक पान उलटलं, दुसरं उलटलं, वही आडवी धरली, उभी धरली.

"काय सुंदर काढलंस रे," तो म्हणाला. "पण भालू, ह्येका चार पाय आसत, चारय वेगळ्या वाटेक लागलेत. ह्या उभा कसा ऱ्हवतला?"

आणि शालन हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती वाईट हसली असं मी म्हणणार नाही. चित्र खरंच तसं होतं. मी वह्या उचलल्या, नीट एकावर एक ठेवल्या आणि आत नेऊन कपाटात ठेवल्या. परत आलो तेव्हा दोघं खोडाजवळ उभी होती. आतूच्या हातात खडू होता.

खोडाची कामाची लांबी चौदा फूट होती. त्याला टेबलासाठी नऊ फुटांचा तुकडा हवा होता. बुंध्याकडचा घ्यायचा की वरचा, एवढंच ठरायचं होतं.

"बुंध्याकडचो रुंद आसा, तोच घेवया," आतू म्हणाला. "आत लोखंड-बिखंड नाय मां? खिळो लागलो तर साखळी तुटतली."

"अगं बाई, खिळे!" शालन म्हणाली. "आहेत ना. सासूबाईंनी मारायला लावले होते. तीन आहेत."

आतूने खोडावरून हात फिरवला. साल गुळगुळीत होती. खिळे केव्हाच आत गिळले गेले होते.

"कितक्या उंचीर?"

"यांच्या छातीएवढ्या." तिने माझ्या छातीवर हात ठेवून दाखवलं.

"चार फूट. बरा." आतूने डोळे मिटून हिशेब केला. "तीस वर्षांत झाड अडीचपट वाढला. म्हणजे खिळे आता वर चढले. धा फुटांवर आसतले. मग तर बुंध्याकडचोच घेवक होयो. वरचो तुकडो जळणाक."

त्याने बुंध्यापासून नऊ फुटांवर खडूची रेघ ओढली. शालन माझ्याकडे वळली.

"बरोबर ना, हो? तुम्ही इतकं वाचता. झाडाबरोबर खिळे वर गेले असतील ना?"

आमची मुलगी उमा पाच वर्षांची असताना तिने याच फणसाला पाठ लावून उभं राहून माझ्याकडून सालीवर आपल्या उंचीची खूण करून घेतली होती. तीन फूट दोन इंच. मग तिने विचारलं होतं, बाबा, झाड मोठं झालं की ही खूण वर जाईल का? मी तिला काठीने मातीत चित्र काढून दाखवलं होतं. झाड वाढतं ते शेंड्याकडे. खोड फक्त जाड होतं. खालची खूण आहे तिथेच राहते, शंभर वर्षं झाली तरी. पुढे हेच चित्र मी दर मे महिन्यात वाचनालयात येणाऱ्या मुलांना फळ्यावर काढून दाखवायचो. मुलांना ते खोटं वाटायचं. मला ते सांगायला फार आवडायचं. माझ्या अख्ख्या वाचनात इतक्या खात्रीने माहीत असलेल्या गोष्टी फार थोड्या होत्या.

शालन माझ्याकडे बघत होती. आतूही बघत होता, खडू कानामागे खोचून.

"असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आतू सकाळी आठला आला. ओंडका दोन आडव्या लाकडांवर चढवून ठेवला होता. त्याने ओंडक्यावर ॲल्युमिनियमची शिडी ठोकली, म्हणजे पहिला काप शिडीवरून सरळ जातो, आणि त्यापुढचे काप त्या सपाट झालेल्या अंगावरून. कानांवर जाड कानटोप्यांसारखं काहीतरी चढवलं आणि दोरी ओढली. कटर सुरू झाल्यावर बोलणं ऐकू येणं शक्य नव्हतं. शालन आणि मी पडवीत बसून बघत होतो.

पहिला पाठा, म्हणजे वरचा गोल काप, निघाला, तो सालीचा. त्याखाली फणसाचं लाकूड पिवळंधमक होतं, आंबेहळद उगाळल्यासारखं. शालन उठून गेली आणि तिने त्यावर तळहात ठेवला. भुशाचा वास घरभर पसरला होता.

मग पहिली फळी निघाली, अडीच इंच जाड, नऊ फूट लांब. स्वच्छ. मग दुसरी. तीही स्वच्छ. कापलेल्या फटीत आतू लाकडी पाचर मारत जायचा, म्हणजे वरची फळी खाली बसून पातं अडकायला नको. सगळं तो इतक्या सवडीने करत होता, जणू लोणी कापतोय.

दोन फळ्या स्वच्छ निघाल्यावर मी स्वतःला म्हणालो, बघ. कदाचित तूच चुकत असशील. पुस्तकातलं झाड वेगळं आणि आपला फणस वेगळा. खिळे गंजून विरूनही गेले असतील. तू कोण मोठा सांगणारा? तीस वर्षं गोदीत लाकूड कापलेला माणूस तो.

आतू पाणी प्यायला थांबला. कानांवरचं काढलं.

"कसा काय, भालू?"

आता सांगता आलं असतं. त्याच्या मागे शालन फळीवरचा भुसा हाताने झाडत होती, आणि ती गुणगुणत होती. कोणती तरी चाल, भजनातली. आतू वाजवतो त्या भजनातली.

"छान," मी म्हणालो.

त्याने कटर पुन्हा सुरू केलं. तिसरी फळी ओंडक्याच्या मधोमध येणार होती, सगळ्यात रुंद, टेबलाच्या मधली. तो बुंध्याकडून निघाला. एक फूट. दोन फूट. पाचर मारली. मी उभा राहिलो. मी उभा राहिलो एवढं नक्की. मी त्याला हाक मारली आणि कटरच्या आवाजात ती त्याला ऐकू गेली नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. मी हाक मारली नव्हती.

एक कर्कश किंकाळी आली, माणसाची नव्हे, लोखंडाची. ठिणग्या उडाल्या आणि साखळी तुटून चाबकासारखी मागे आली. कटर बंद पडलं. आतू उभाच होता. तो आपल्या डाव्या हाताकडे बघत होता, कुतूहलाने, जणू दुसऱ्या कुणाचा हात आहे. मग पिवळ्या भुशावर लाल ठिपके पडायला लागले.

शालन धावली. तिने पदर टराटरा फाडला आणि त्याचा हात बांधला. "अहो, रिक्षा! रिक्षा बघा!" ती ओरडली, आणि मग मी धावलो. धावता येतं मला, हे त्या दिवशी कळलं.

इस्पितळात दोन तास लागले. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरांनी जोडल्या, पण बोटं पुन्हा पूर्वीसारखी वळतील असं ते म्हणाले नाहीत. आतू खाटेवर पडून छताकडे बघत होता. शालन रडत होती.

"रडतास कित्याक, वयनी? माजीच चूक. खिळे वर गेले म्हणान मीच सांगितलंय मां?" मग मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाला, "भालू, त्यो फळयो उन्हात ऱ्हवल्यो तर फाटतल्यो. आजच सावलीत घाल."

त्या मी घातल्या. शेजारचे दोघे बोलावले, फळ्या पडवीत आणल्या, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये वीतभर अंतरावर पट्ट्या ठेवल्या, म्हणजे वारा खेळता राहतो. टोकांना ऑइलपेंट लावला, वर दगड ठेवले. सगळं पुस्तकात होतं तसं. तिसरी फळी अर्धी कापलेली ओंडक्यावर तशीच राहिली होती. ती पुढे आतूने कुडाळचा एक कटरवाला आणून पुरी कापून घेतली. त्या माणसाने आधी खिळे पकडीने उपटून काढले. तीन होते. पहिला वाकडा होता.

सहा आठवडे शालन आतूला डबा करत होती आणि मी तो सायकलवरून नेत होतो. त्याच्या अंगणात बसून मी त्याच्यासमोर डबा उघडायचो, भाताचा गोळा मोडून द्यायचो. मला रोज वाटायचं, आज सांगेन. तो म्हणायचा, "वयनींच्या हाताक चव आसा रे." आणि मी डबा बंद करून परत यायचो.

पावसाळा संपल्यावर भजनं सुरू झाली. पखवाज दुसऱ्या कुणीतरी घेतला. आतू मागे माझ्याशेजारी येऊन बसला, हातात झांज घेऊन. झांज उजव्या हाताने वाजवता येते, डावी नुसती धरली तरी चालतं. त्या दिवशी त्याने एकदाही पखवाजाकडे बघितलं नाही. मी मोजत होतो.

दोन पावसाळे गेले. फळ्या वाळल्या. एका सकाळी आतू हत्यारांची पेटी घेऊन हजर.

"चल, उठ. टेबल करूया."

"कसं?" मी म्हणालो. "तुझा हात..."

"माजो डावो हात आता तू. उजवो आसा माजो."

असं आमचं टेबल सुरू झालं. तो सांगायचा, मी धरायचो, ठोकायचो, घासायचो. पहिले आठ दिवस मी सगळं बिघडवलं. तो शिव्या द्यायचा, अस्सल मालवणी, शालन घरात असली तर हळू आवाजात. मग एक दिवस रंध्यातून कागदासारखी पातळ लांब ढलपी गुंडाळी होऊन बाहेर आली आणि मी ती हातात धरून वेड्यासारखा उभा राहिलो.

"वयनी!" आतू ओरडला. "हेच्या हातात जादू आसा! तीस वर्षां लपवून ठेवलेली ह्येना!"

शालन बाहेर आली. तिने माझ्या हातातली ती गुंडाळी घेतली, केसांत अबोलीच्या वेणीशेजारी खोचली आणि माझ्याकडे बघून हसली. पडवीतल्या त्या दिवसापासून मी ज्या हसण्यावर डोळा ठेवून होतो, तेच. आता ते माझं होतं. ती माझ्या चहात साखर हवी तेवढी घालायला लागली. दुपारी समोर बसून माझे हात बघायची. मालवणीत चेष्टा करायची, माझीसुद्धा. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि ज्याच्या हातामुळे मिळालं तो समोर बसून नुसता बोट दाखवत होता.

शेवटी मधली फळी घेतली. ती सगळ्यात रुंद. वरचा थर निघाला तसे त्यात तीन काळे डाग दिसायला लागले, एकाखाली एक, रुपयाएवढे. लोखंडाने फणसाचं लाकूड काळं पडतं, आणि डागांतून बारीक काळसर रेषा फुटून लाकडात पसरलेल्या असतात. मी जितकं घासलं तितके ते जास्त स्पष्ट झाले.

"थांब," आतू म्हणाला. त्याने खिशातून टेप काढला. "बुंध्याकडच्या टोकाक धर."

मी धरला. त्याने उजव्या हाताने टेप ओढत नेला आणि मधल्या डागावर टेकवला. बराच वेळ वाकून बघत राहिला.

"चार फूट," तो म्हणाला. "भालू, खिळे वर जावकच नाय. थंयच होते."

त्याने टेप पुन्हा एकदा लावून पाहिला.

"असा कसा? झाड तर वाढला."

"झाड शेंड्याकडे वाढतं," मी म्हणालो. "खालचं आहे तिथेच राहतं."

"तुका म्हायत होता?"

त्याच वेळी दारात शालन चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती केव्हा आली मला कळलं नाही. मी टेपचं टोक धरून उकिडवा बसलो होतो.

"वाचलं होतं," मी म्हणालो.

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

खरं काय ते त्याला माहीत नव्हतं. ते माझ्या तोंडाशी आलं होतं. आणि त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं ते असं:

"वाटलं, मीच चुकत असेन. तू इतका अनुभवी. म्हटलं, आपण कशाला मध्ये बोला."

आतूने माझ्याकडे बघितलं. मग तो हसायला लागला. पोट धरून हसला. "शिरा पडो तुज्या तोंडार! आमका बालपणापासून म्हायत आसा. मास्तरांनी विचारल्यान तरी उत्तर येयत असून गप बसायचो हो. वयनी, आयकलास? हेच्या ह्या भिडेपायी माजी दोन बोटां गेली!" आणि आपला डावा हात वर करून त्याने ती दोन ताठ बोटं हलवून दाखवली, जणू एखादा मोठा विनोद झाला होता.

त्याने मला क्षमा केली. पण ज्याला क्षमा केली तो माणूस मी नव्हतो.

शालन हसली नाही. तिने ट्रे खाली ठेवला, त्याला त्याचा बिनसाखरेचा चहा दिला, मला माझा दिला, आणि आत गेली.

संध्याकाळी आतू गेल्यावर मी भुसा गोळा करत होतो. ती दारात येऊन टेकली.

"उमाची खूण किती उंचीवर होती हो?"

"तीन फूट दोन इंच," मी म्हणालो.

"आणि झाड मोठं झाल्यावर?"

मी केरसुणी खाली ठेवली. "तिथेच."

"मला आठवतंय," ती म्हणाली. "मातीत चित्र काढलं होतंत तुम्ही. तिला अगदी ठासून सांगितलं होतंत." मग कपबश्या उचलून आत गेली. ती पुढे काही विचारेल म्हणून मी काळोख पडेपर्यंत तिथेच उभा होतो. तिने विचारलं नाही. आजपर्यंत नाही.

टेबल छान झालं. आलागेला प्रत्येक माणूस त्यावरून हात फिरवतो. पिवळा रंग जाऊन आता ते गडद, मधासारखं झालंय. शालन सगळ्यांना सांगते, यांनी केलं, यांच्या हातांनी. आतू असेपर्यंत तोही तेच सांगायचा. गेल्या वर्षी तो गेला. त्याच्या घरून त्याच्या मुलाने मला त्याचा रंधा आणून दिला.

यंदा दिवाळीला उमाने पुण्याहून टेबलक्लॉथ पाठवलं. जाड, पांढरं, कडेला निळी वेल असलेलं. शालनने ते काळजीपूर्वक अंथरलं, चारी बाजूंनी सारखं केलं. मग जेवायच्या वेळी ती माझ्या जागेशी आली, कापडाची तेवढीच बाजू तिने मधल्या फळीपर्यंत दुमडून मागे टाकली आणि उघड्या लाकडावर, त्या तीन काळ्या डागांवर, माझं ताट ठेवलं.

"तुमच्या हातून सांडतं," ती म्हणाली.

रोज ती तसंच करते. माझ्या हातून कधी काही सांडल्याचं मला आठवत नाही. पण मी काही बोलत नाही, जेवायला बसतो.